चारनंतर या

यंत्रावर अंगठा उमटला नाही.
रुमालाला पुसला, माझ्या पदराला पुसला,
पुन्हा ठेवला.
बत्तीस वर्षं स्टिअरिंगनं रेघा खाल्ल्या असतील,
मी म्हणाले. खिडकीतली मुलगी हसली नाही.
"तातेराव उढाण, साहेबांची सही लागेल. चारनंतर या."
हयातीचा दाखला.
म्हणजे चारपर्यंत हे आहेत की नाहीत
ते सरकारला ठाऊक नव्हतं.

बाहेर आलो तर साडेदहा.
मार्गशीर्षातलं पातळ ऊन.
एवढा वेळ हातात देऊन
आम्हाला कुणी कधी रस्त्यावर सोडलं नव्हतं.

"शहर पाठ असेल तुम्हाला."
हे गप्प. मग म्हणाले,
"स्टँड पाठ आहे. कुठल्या फलाटाला लावायची,
कँटीनचा चहा, झोपायच्या खोलीतली ढेकणाची खाट.
बाहेर पडलं की सरळ जालना रोड."
बत्तीस वर्षं रोज येऊन
माणूस गावात आलाच नव्हता.

मग निघालो. हे चालतात तेही गाडी घेऊनच.
वळणाआधी हात बाहेर,
रिक्षावाल्याला मान हलवून वाट देणं,
आणि पैठण गेटासमोर मध्येच उभं राहून वर बघणं.
"कामून थांबलात?"
"टपावर सामान असतं तर अडकली असती."
लोक वळसा घालून जात होते.
कमानीवर एक पारवा, तोही ह्यांच्याकडे बघत.

गुलमंडीला इमरती घेतली, कढईतून काढलेली.
बोटं भाजली तरी दोघांनी दोन दोन खाल्ल्या.
साखरेच्या डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही.
मच्छली खडकात मासा एकही नाही,
हे मला फार नवल वाटलं, मी तीनदा बोलून दाखवलं.
शहागंजच्या घड्याळाशी ह्यांनी मनगट ताडून पाहिलं:
"दोन मिनिटं मागं आहे."
"घड्याळ?"
"मी."

गावात मी चार पावलं मागं असते.
देवळात जाताना, लग्नात, दवाखान्यात सुद्धा.
इथं ओळखीचं कुणी नाही.
कुठेतरी त्या गर्दीत, एका बांगड्यांच्या गाडीपाशी
मी शेजारी आले होते.
ध्यानात आलं दोघांच्या.
बोललो नाही. पावलं मात्र
थोडा वेळ अवघडली.

पाणचक्कीच्या हौदाकाठी, वडाखाली
दशम्या सोडल्या, ठेचा, दौलताबादची दोन सीताफळं.
पाणी म्हणे हर्सूलहून येतं, जमिनीच्या पोटातून, मातीच्या नळांनी.
ह्यांनी चाकाला कान लावला,
जसा डेपोत बॉनेटला लावायचे.
"इंजीन नाही. ड्रायव्हर नाही.
तरी चाललंय बघ."
आणि एकदम उदास झाले, की मलाच वाटलं,
कुणास ठाऊक.
सीताफळाच्या बिया मोजत बसले, एकेक, तळहातावर.
मी पाय पाण्यात सोडू का विचारलं.
रखवालदारानं नको म्हटलं.

तिथंच ऊन कललं.
मी म्हणाले, "चार वाजून गेले की हो."
आयुष्यात एक गाडी उशिरा न सोडलेला माणूस
वडाकडे बघत म्हणाला,
"जाऊ दे. पुढल्या आठवड्यात येऊ."
"अंगठा तवाही नाही उमटला तर?"
"तर परत चारनंतर."

स्टँडवर अंबडची गाडी लागलेली.
ड्रायव्हर ह्यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा,
"मामा, केबिनला या!"
"नको रे," हे म्हणाले,
"आज जोडीनं आहे."
खिडकी मला दिली.

फलाटावरून गाडी मागं घेताना
सवयीनं ह्यांचा उजवा पाय
ब्रेक दाबावा तसा खाली दाबला गेला,
माझ्या पायावर.
मी पाय काढला नाही.